शेवटची तीन मिनिटं: बांकोच्या गल्ल्याची नवी छपाई आणि फाटणारा आवाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बांको देल मूतुओ सोक्कोर्सो या इटालियन बँडच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमचा विनाइल रीइश्यू तुम्ही मागवलात. १८० ग्रॅमची रेकॉर्ड, मातीच्या गल्ल्याच्या आकाराचं कव्हर, फटीतून सरकणारी पट्टी, वर 'मूळ मास्टर टेपवरून' असा स्टिकर. पहिली बाजू सुरुवातीला झकास वाजते, पण 'मेतामोर्फोसी'च्या शेवटाकडे गाणं सुरू झालं की गायकाचा आवाज फाटतो. सीडीवर तसं होत नाही. दुकानदार सात दिवसांत बदलून द्यायला तयार आहे. मग प्रत बदलून घ्यावी, की पैसे परत घेऊन मूळ इटालियन प्रत शोधावी?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. लगेच परत पाठवू नका. माझा पहिला संशय तुमच्या टर्नटेबलवर आहे, दुसरा कटिंगवर (म्हणजे छपाईआधी मास्टर तबकडीवर खाच कोरण्याच्या कामावर), आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर सगळ्यात शेवटी. मूळ प्रतीच्या मागे लागण्याचा विचार तर सध्या बाजूलाच ठेवा.

मी गेली सव्वीस वर्षं रेकॉर्ड आणि टेप डिजिटल करून देतो. पोट भरतं ते नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्यांवर, लोकांच्या घरच्या रिळांवर आणि कीर्तनाच्या कॅसेटींवर. इटालियन प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, हा नाद, त्यातून पैसा येत नाही, जातो. पण 'शेवटी आवाज फाटतो' ही तक्रार माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येते. रेकॉर्ड किशोरी आमोणकरांची असो नाहीतर बांकोची, चौकशीची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते.

बाजूची लांबी बघा. पहिल्या बाजूवर चार तुकडे आहेत: 'इन वोलो' सव्वादोन मिनिटांचं, 'आर. आय. पी.' सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं, 'पास्साज्जो' जेमतेम सव्वा मिनिटाचं आणि 'मेतामोर्फोसी' जवळजवळ अकरा मिनिटांचं. एकूण एकवीस मिनिटं. एवढी बाजू कापता येते, पण मोकळी ढाकळी नाही. आता 'मेतामोर्फोसी'ची रचना आठवा. बराच वेळ नुसती वाद्यं: पियानो, ऑर्गन, गिटार, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी. फ्रांचेस्को दी जाकोमो गायला लागतो तो अगदी शेवटाकडे, आणि लागतो तो पूर्ण छातीनं. म्हणजे या बाजूवरचा सगळ्यात अवघड आवाज, मोठा, उघडा, स-च-त्स नी भरलेला, नेमका रेकॉर्डच्या सगळ्यात अडचणीच्या जागी येऊन पडलाय. संगीतकारांनी गाण्याचा विचार केला, खाचेचा कशाला करतील!

अडचणीची जागा म्हणजे काय? तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून साधारण ९२ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ त्याच १.८ सेकंदांत सरकते जेमतेम ४० सेंटीमीटर. संगीत तेवढंच, लिहायला जागा निम्म्याहून कमी. शाळेत निबंधाच्या शेवटच्या ओळीत उरलेलं सगळं कोंबायचो, तसंच हे. उंच स्वरांच्या लाटा तिथे इतक्या दाट होतात की बोथट किंवा तिरकी बसलेली सुई त्यांच्या वळणात शिरूच शकत नाही. ती वळणांवरून उड्या मारत जाते, आणि आपल्याला ऐकू येतो फाटका 'स'. मोठ्या आवाजातला मोठा 'आ' असला तर घोगरी खरखर. सीडीला हा त्रास नाही. तिच्यावर सुरुवात आणि शेवट सारखेच लिहिलेले असतात.

म्हणून आधी स्वतःच्या मशीनची परीक्षा घ्या. त्यासाठी बांकोची गरजच नाही. तुमच्याकडे ख्यालगायनाची एखादी जुनी एल. पी. असेलच. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा राग, आधी विलंबित, मग द्रुत, आणि तानांचा सगळा पाऊस लेबलाला लागून. आपल्याकडच्या कटिंगवाल्यांना हीच डोकेदुखी कायम होती. अशी रेकॉर्ड, शक्यतो फार न झिजलेली, शेवटची तीन मिनिटं लावून ऐका. तिथेही तानांच्या टोकाला चरचर येत असेल तर बांकोच्या प्रतीला दोष देऊ नका.

मग कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तुकडा, बघा. दुकानातून जसं बसवून आलं तसंच वापरताय का? बहुतेक जण तसंच वापरतात. अलाइनमेंटचा, म्हणजे सुईची जागा आणि कोन जुळवायचा, कागदी प्रोट्रॅक्टर छापून घ्या. छापताना प्रिंटरनं मोजमाप लहानमोठं केलं नाही ना, हे पट्टीनं मोजून घ्या, हे हसण्यावारी नेऊ नका. कार्ट्रिज एखाद-दीड मिलिमीटर पुढेमागे असलं तरी बाहेरच्या खाचेत काही कळत नाही, आतल्या खाचेत सगळं कळतं. सुईचा भार कंपनीनं दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, ही समजूत उलटी आहे. हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि तीच खाच खराब करते.

आणखी एक खूण. फाटणं दोन्ही स्पीकरमध्ये सारखं आहे की उजवीकडे जास्त? उजवीकडे जास्त असेल तर अँटी-स्केटिंग, म्हणजे टोनआर्मला (सुई धरणाऱ्या हाताला) बाहेरच्या बाजूला ओढून धरणारा जोर, कमी पडतंय अशी शंका घ्या. हात आतल्या बाजूला ओढला जातो, खाचेच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनलवर, जोर पडतो आणि बाहेरची भिंत सुटते. ती बाहेरची भिंत म्हणजे उजवा चॅनल. हे हेडफोन लावून तपासा, खोलीत फसायला होतं.

सुई गोल टोकाची असेल तर कितीही नीट बसवली तरी 'मेतामोर्फोसी'चा शेवट थोडा दबेलच. लंबगोल टोकाची सुई बरी, आणि मायक्रोलाइन प्रकारची, म्हणजे फार बारीक धारेच्या टोकाची, घेतलीत तर असल्या बाजूंवर फरक कुणालाही कळेल. रीइश्यूंवर जेवढा खर्च करता त्यातला दोन रेकॉर्डींचा खर्च एकदा सुईवर करा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणी ऐकत नाही. मीही बरीच वर्षं ऐकलं नव्हतं.

समजा मशीन निर्दोष निघालं. मग प्रश्न कटिंगचा.

रीइश्यू म्हणजे जुन्या साच्यातून नवीन पाव काढणं नव्हे. अपवाद सोडले तर नव्यानं मास्टर कापावा लागतो. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर असतो, त्यात तापवलेली टोकदार सुई खाच कोरत जाते. त्या लॅकरवर चांदीचा फवारा, मग निकेलचा मुलामा, त्यातून उलटी प्रत, तिच्यावरून सुलटी, तिच्यावरून छापायचे ठसे. एका ठशातून हजाराच्या आसपास रेकॉर्डी निघतात. दुसरी पद्धत तांब्यावर थेट कापण्याची. ती १९८० च्या दशकात जर्मनीत आली आणि तिच्यात मधले काही टप्पे वाचतात. कुठलीही असो, कापणाऱ्या माणसाला एकवीस मिनिटांची बाजू दिली की त्याच्यापुढे हिशेब येतो. आवाज मोठा ठेवला तर खाच रुंद डुलते, जागा जास्त खाते आणि गाणं लेबलाच्या आणखी जवळ सरकतं. आवाज कमी ठेवला तर शेवट वाचतो, पण पृष्ठभागाची सळसळ वर येते. खर्ज दोन्ही बाजूंना वेगवेगळा असेल तर खाच खोल-उथळ होऊन सुई उडते, म्हणून खालचे स्वर मध्यभागी गोळा करावे लागतात. चांगला कटिंगवाला शेवटच्या मिनिटांसाठी आधीच जागा राखतो. घाईतला माणूस फाइल लावतो आणि चहाला जातो.

हे तुम्हाला कान न लावताही थोडंफार दिसतं. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यात गुळगुळीत पट्टा किती उरलाय? एकवीस मिनिटांच्या बाजूवर बोटभर पट्टा दिसला तर कापणाऱ्यानं हात राखून काम केलंय. खाच लेबलाला जवळजवळ चिकटली असेल तर मोठ्या आवाजाचा मोह नडलाय. त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे-अक्षरंही वाचा, कापणाऱ्याची सही कधी कधी तिथेच असते.

या अल्बममध्ये कटिंगवाल्याची परीक्षा बघणारी दुसरी गोष्ट म्हणजे नोचेंझी बंधू. वित्तोरियो ऑर्गनवर, जान्नी पियानोवर, आणि दोघंही मधल्याच पट्टीत वावरतात. रॉकच्या बँडमध्ये दोन कीबोर्डवाले सख्खे भाऊ म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी. इथे मात्र ते जमलंय. पण त्या मधल्या पट्टीत कुणी दोन-तीन डेसिबल 'चमक' वाढवली की पियानोचा लाकडी ठोका काचेसारखा होतो आणि ऑर्गन कर्कश. रीमास्टरिंगच्या नावाखाली नेमकं हेच वारंवार केलं जातं. तुमच्या प्रतीत 'आर. आय. पी.'चा दुसरा अर्धा भाग ऐका. लढाईची धावपळ संपते, मग पियानो आणि आवाज उरतो. तिथे पियानोचा प्रत्येक स्वर सुटल्यानंतर हवेत विरतो की पाटी पुसल्यासारखा संपतो? विरत असेल तर मास्टरिंग सभ्य माणसानं केलंय.

आता तुमच्या प्रतीचा दोष कसा ओळखायचा ते. छपाईचे दोष कटिंगच्या दोषांसारखे वागत नाहीत. भोक मध्यात नसेल तर पियानोचे लांब स्वर हेलकावे खातात आणि टोनआर्म दर फेऱ्याला डावीउजवीकडे झुलताना डोळ्यांनी दिसतो. प्लास्टिक खाचेत नीट भरलं नसेल तर कापड फाटल्यासारखी 'झर्र' येते, बहुतेकदा एकाच चॅनलमध्ये. ती गायकाच्या आवाजाबरोबर कमीजास्त होत नाही, स्वतःच्या लयीत चालते. ओरखडा असेल तर टिक-टिक बरोब्बर १.८ सेकंदांनी येते. तुम्ही सांगताय ते फाटणं आवाजाबरोबर वाढतं, आवाजाबरोबर थांबतं. हे छपाईचं लक्षण नाही. म्हणूनच प्रतीवरचा संशय मी शेवटी ठेवला.

तरी खात्री हवी असेल तर दुसरी प्रत मागवा आणि पहिली परत करण्याआधी दोन्ही एकाच मशीनवर लागोपाठ वाजवा. दोन्ही एकाच शब्दावर, एकसारख्या फाटल्या तर दोष तुमच्या मशीनमध्ये किंवा कटिंगमध्ये आहे आणि तिसरी प्रतही तशीच निघेल. फक्त एकच फाटली तरच ती प्रत सदोष. त्यानंतर दोन्ही मित्राच्या चांगल्या मशीनवर न्या. एवढं केलं की वाद संपतो. मी स्वतः एकदा हे न करता एका परदेशी विक्रेत्याशी तीन आठवडे पत्रव्यवहार केला, तीन प्रती बदलल्या, आणि शेवटी लक्षात आलं की माझ्याच हेडशेलचा, म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या पट्टीचा, स्क्रू ढिला होता. माफीचं पत्र लिहिलं. त्यानं उत्तर दिलं नाही, बरोबरच केलं.

स्टिकरबद्दल विचारलंत. 'मूळ मास्टर टेपवरून' हे वाक्य खोटं असेलच असं नाही, पण ते अर्धंच असतं. पुढचा अर्धा भाग असा: मूळ टेपवरून कधीतरी डिजिटल फाइल केली आणि त्या फाइलवरून रेकॉर्ड कापली. हा अल्बम निघाला रिकॉर्दीकडून. ही तीच मिलानची रिकॉर्दी, जिनं १८०८ पासून स्वरलिपी छापल्या, व्हेर्दी आणि पुच्चीनीचे ऑपेरे प्रसिद्ध केले. रेकॉर्डींच्या धंद्यात ती १९५८ मध्ये उतरली. १९९४ मध्ये ती बीएमजीकडे गेली आणि रेकॉर्डींचा कॅटलॉग तिथून सोनीकडे. पन्नास वर्षांची टेप अशा कंपन्या संग्रहाबाहेर सहसा सोडत नाहीत आणि सोडूही नये. परवाना घेणाऱ्या छोट्या रेकॉर्ड कंपनीला फाइल मिळते. आणि टेपवरूनच थेट कापायचं म्हटलं तरी भानगड असते. कटिंगच्या यंत्राला पुढे येणारा आवाज एक फेरा आधी कळावा लागतो, म्हणजे ते खाचांमधलं अंतर ठरवतं. त्यासाठी दोन ठिकाणी टेप वाचणारं खास यंत्र लागतं. ते नसलं की मध्ये डिजिटल डिले, म्हणजे आवाज डिजिटल करून जरा उशिरानं सोडणारं यंत्र, येतो, आणि रेकॉर्डवर जातो तो त्यातून निघालेलाच आवाज. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या 'संपूर्ण ॲनालॉग' समजल्या जाणाऱ्या कित्येक रेकॉर्डींत डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं, तेव्हा गंमत अशी झाली की त्याच रेकॉर्डींची तोवर सोनेरी कानाचे लोक तोंडभरून स्तुती करत होते. माझ्या मते चांगली फाइल आणि जाणता कटिंगवाला असेल तर रेकॉर्ड चांगली होते. सीडीसाठी ठेचून मोठा केलेला मास्टर जसाच्या तसा कापला तर १८० ग्रॅम काय, तीनशे ग्रॅमही वाचवू शकत नाहीत.

वजनाचं तेवढंच. जाड रेकॉर्ड सपाट राहण्याची शक्यता जरा जास्त, हातात धरायला भारदस्त वाटते. खाच तेवढीच खोल असते. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच उत्तम रेकॉर्डी याहून बऱ्याच हलक्या आहेत.

आणि कृपा करून रेकॉर्ड संगणकावर घेऊन तिच्या लाटांचं चित्र बघून 'दाबलेलं नाही', म्हणजे आवाजाचे चढउतार ठेचलेले नाहीत, असा निकाल देऊ नका. दाबलेला मास्टरही रेकॉर्डवर कापून परत वाचला की कटिंगमधल्या आणि प्लेबॅकमधल्या फेजच्या (लाटा मागेपुढे सरकण्याच्या) फरकांमुळे चित्रात उंच टोकं दिसायला लागतात. चढउताराचे आकडे छान येतात, आवाज तसाच दाबलेला राहतो.

'आर. आय. पी.' सुरू होण्याआधी पुढचा आवाज भुतासारखा हलकेच ऐकू येतो असंही तुम्ही लिहिलंय. हे दोन प्रकारे होतं. टेप गुंडाळून पडून राहिली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. किंवा रेकॉर्डवर एका खाचेची भिंत शेजारच्या खाचेला ढकलते. ओळखायचं असं: खाचेतलं भूत नेमकं एक फेरा, म्हणजे १.८ सेकंद आधी येतं, पहिल्या गाण्यातही आणि शेवटच्याही. टेपमधल्या भुताचं अंतर रीळ पुढे सरकेल तसं बदलत जातं, आणि ते सीडीवरही हजर असतं. तुमच्या सीडीवर हेडफोन लावून तीच जागा ऐका. तिथेही असेल तर दोष नाही, पन्नास वर्षांचं वय आहे ते.

मूळ प्रतीकडे वळतो, कारण तुमच्या पत्रात खरी ओढ तिचीच दिसते. समजू शकतो. १९७२ चं इटली म्हणजे अजब काळ. इंग्लंडमध्ये अजून अर्धेअधिक लोक ज्यांना ओळखत नव्हते त्या व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडची रेकॉर्ड इटलीत पहिल्या क्रमांकावर होती. त्याच वर्षी पीएफएम या इटालियन बँडचे पहिले दोन अल्बम आले, ले ओर्मे या दुसऱ्या इटालियन बँडचा 'उओमो दी पेत्सा' आला, बांकोचा हा गल्ला आला आणि वर्ष संपण्याआधी त्यांचाच 'डार्विन!'. शिवाय नाव: बांको देल मूतुओ सोक्कोर्सो म्हणजे सरळ मराठीत परस्पर सहाय्यक पतपेढी. पतपेढीच्या पहिल्या रेकॉर्डला गल्ल्याचं कव्हर, आणि त्याच्या फटीतून नाण्याऐवजी बँडच्या चेहऱ्यांची पट्टी. आत सुरुवातीलाच आरिओस्तोच्या 'ओर्लांदो फुरिओसो' या महाकाव्यातल्या आस्तोल्फोला आपल्या पंखवाल्या घोड्याचा लगाम सैल सोडायला सांगितलं जातं. या पोरांना गंभीर आणि मिश्कील एकाच वेळी होता येत होतं. त्यातला दाढीवाला अगडबंब दी जाकोमो दिग्दर्शक फेलिनीच्या चित्रपटांत छोट्या भूमिकाही करून आलेला. २०१४ मध्ये अपघातात गेला तो.

पण मूळ प्रत म्हणजे चांगला आवाज, हे समीकरण इथे मला पटत नाही. त्या काळी ही रेकॉर्ड घेणारे होते विद्यार्थी. जड सिरॅमिक कार्ट्रिजच्या स्वस्त मशीनवर त्यांनी ती शेकडो वेळा वाजवली. झीज सगळ्यात आधी कुठे होते? शेवटच्या खाचांत. म्हणजे तुम्ही ज्या तीन मिनिटांसाठी रडताय, नेमकी तीच तीन मिनिटं मूळ प्रतीत बहुधा मेलेली असतात. वरून रेकॉर्ड आरशासारखी चकचकीत दिसते, दर्जा 'उत्तम' लिहिलेला असतो, आणि 'मेतामोर्फोसी'च्या शेवटी गायक सुपात खडे पाखडल्यासारखा येतो. माझ्याकडची मूळ प्रत तशीच आहे. मी ती ऐकत नाही, बघतो.

तरीही घ्यायचीच असेल तर लेबलवर एस. आय. ए. ई. या इटलीतल्या लेखक-संगीतकारांच्या संस्थेचा शिक्का बघा, गुळगुळीत पट्ट्यातले आकडे बघा. त्या काळच्या बऱ्याच इटालियन रेकॉर्डींत तिथे तारीख ठोकलेली सापडते. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंच्या शेवटच्या तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा. पहिल्या बाजूवर 'मेतामोर्फोसी', दुसऱ्या बाजूवर साडेअठरा मिनिटांच्या 'इल जार्दिनो देल मागो'नंतर येणारी 'त्राच्चा', जिथे ऑर्गन, पियानो आणि शब्दांविना गाणारे आवाज एकत्र धावतात. देणार नसेल तर सोडून द्या. मधला मार्गही आहे. जपानच्या किंग रेकॉर्ड्सनं सत्तरच्या अखेरीपासून 'युरोपियन रॉक कलेक्शन' मालिकेत इटालियन प्रॉग छापलं. त्या मालिकेतल्या ज्या रेकॉर्डी माझ्या हाताखालून गेल्या त्यांचं प्लास्टिक शांत होतं आणि जपानी मालकांनी त्या जपून वाजवल्या होत्या. आणि घाईत दुसरंच काही घेऊन बसू नका. पहिले दोन अल्बम बांकोनं १९९१ मध्ये नव्यानं वाजवून पुन्हा काढले होते. गाणी तीच, रेकॉर्डिंग वेगळं. वाईट नाही, पण हे ते नव्हे.

कव्हरची काळजी मात्र आजपासूनच घ्या. आकार कापलेल्या कव्हरच्या कडा चौकोनी कव्हरपेक्षा लवकर दुमडतात. कपाटात दाबून उभं लावू नका. तबकडी वेगळ्या प्लास्टिकच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा, कव्हर रिकामं, आणि दोन्ही मिळून बाहेरच्या पिशवीत. पिशवीचं तोंड उघडं ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद पिशवीत बुरशी धरते. कव्हरवर आधी पांढरे ठिपके, मग तपकिरी, आणि ते निघत नाहीत. तबकडीवर बुरशी आली तर डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल घालून मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं धुवा. आजोबांच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या त्याच पाण्यात घालू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. बालगंधर्वांची एक तबकडी अशी 'स्वच्छ' होऊन माझ्याकडे आली होती.

तर या रविवारी: प्रोट्रॅक्टर, भार, अँटी-स्केटिंग. मग ख्यालाची एल. पी., मग 'मेतामोर्फोसी'. आवाज सुधारला तर काहीच परत करू नका. नाही सुधारला तर दुसरी प्रत मागवा आणि दोन्ही समोरासमोर वाजवा. दोन्ही फाटल्या तर पैसे परत घ्या आणि दुसऱ्या कुणी कापलेली आवृत्ती येईपर्यंत सीडी ऐका, ती सीडी काही वाईट नाही. दोन प्रती हातात असतानाच दोन्हींच्या पट्ट्या फटीतून शेवटपर्यंत सरकवून बघा, कुठलीतरी एक डिंकाला अडकलेली निघू शकते. ओढू नका, फाटेल. आतून बोटानं सोडवा. माझी प्रत मी स्वस्तात घेतली ती याच कारणानं, तिच्या गल्ल्यात पट्टीच नाही.